ती ताई, मी मॅडम

शाळेच्या फाटकातून आमची जीप आत शिरली की पोरं धावत यायची आणि डाव्या दाराला गर्दी करायची. डाव्या दाराशी मंगल बसलेली असायची. मी उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे. एकदा मी मुद्दाम तिच्या आधी जाऊन डावीकडची जागा धरली. त्या दिवशी पोरं उजव्या दाराकडे धावली.

मंगल आणि मी एकाच कॉलेजात समाजकार्य शिकलो, पाठोपाठच नोकरीला लागलो आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून निवृत्त झालो. शिक्षण एक, हुद्दा एक, वयातही फार अंतर नाही. तरी पोरांच्या तोंडी ती 'मंगलताई' आणि मी 'मॅडम'. नुसतं मॅडम. शैलामॅडमसुद्धा नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. गेवराईकडची पोरं असोत की परळीकडची, पहिल्याच दिवशी न सांगता तशीच हाक मारायची.

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांनीही आधी मंगललाच विचारलेलं होतं. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून तिनं माझं नाव सुचवलं. ही माहिती संपादकांनी मला आपणहून दिली. असो. लिहिते आहे मी. पोरांची आणि त्यांच्या घरच्यांची नावं बदलली आहेत, एवढं आधीच सांगून ठेवते.

आमचं काम काय होतं ते माझ्या सख्ख्या नणंदेलाही शेवटपर्यंत कळलं नाही. ती लोकांना सांगायची, 'आमच्या वहिनी वेडी पोरं बघतात.' आम्ही वेडी पोरं बघत नव्हतो. बीड जिल्ह्यातल्या शाळाशाळांमधून फिरायचं आणि कोणतं लेकरू आतून घाबरलेलं आहे, कोण उगाच मारामाऱ्या करतंय, कोण बोलायचं बंद झालंय हे शोधायचं. डोळे आणि दात तपासायला डॉक्टरांचं पथक येतं ना, तसंच आम्ही मन तपासायला जायचो. किडलेला दात तोंड उघडलं की दिसतो. आमच्याकडे ती सोय नव्हती.

हातात एक प्रश्नावली असायची. एक प्रत शिक्षकांनी भरायची, एक घरच्यांनी. वाक्यं साधी. 'पोट दुखतं, डोकं दुखतं अशी तक्रार सारखी करतो.' 'एकटा एकटा राहतो.' 'चिडला की हात उगारतो.' 'लहानांशी मायेनं वागतो.' प्रत्येकासमोर तीन उत्तरं: खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. बेरीज एका मर्यादेपुढे गेली की त्या मुलाला आम्ही दुसऱ्या फेरीला बोलवायचो, निवांत बोलायचो, घरी जाऊन यायचो आणि गरज वाटली तरच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवायचो. म्हणजे ही नुसती चाळणी. चाळणीत अडकलं ते सगळं खडाच असतं असं नाही, टपोरा दाणाही अडकतो. आणि बारीक खडे खालून निघून जातात. मास्तर लोक वांड पोरांची नावं धडाधड सांगायचे. गप्प पोराबद्दल विचारलं की म्हणायचे, 'ते लई शांत हाय, त्याचा काही त्रास न्हाई.' त्रास मास्तरांना नव्हता, एवढंच त्यातून कळायचं.

धर्मापुरीच्या बाजूच्या एका शाळेत तर सगळ्या वर्गाच्या प्रश्नावल्या एकसारख्या भरून ठेवलेल्या. एकही मूल उदास नाही, एकही भांडखोर नाही, सगळी लहानांशी मायेनं वागतात. मी गुरुजींना म्हटलं, "हे कसं काय?" तर त्यांनी हळूच विचारलं, "शेजारच्या शाळेत किती निघाले?" मी सांगणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. शेजारच्या शाळेपेक्षा आपला निकाल चांगला लागावा म्हणून त्यांनी एवढी मेहनत घेतली होती.

चकलांब्याला याच्या उलट घडलं. तिथं दुसऱ्या फेरीसाठी काही मुलांची नावं आम्ही काढली आणि दुसऱ्या दिवशी गेलो तर फाटकातच एक बाई पोरीचं मनगट धरून उभी. शेळ्या राखणारं घर. बरोबर शेळ्याही होत्या.

"त्या शेजारणीच्या पोरीचं नाव निघालं," ती मला म्हणाली, "मग माझीचं कावून न्हाई निघालं? ती काय लई हुशार हाय का?"

मी म्हटलं, "बाई, हे बक्षीस नाही."

"मग काय हाय?"

आता काय सांगणार? शेजारणीची पोर अंथरूण ओलं करते आणि अंधाराला भिते, हे मी हिला कसं सांगू? आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या लेकराबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. मी 'नियम, नियम' करत राहिले आणि बाईचा आवाज चढत गेला. तेवढ्यात मंगल आली. तिनं बाईला सावलीत बसवलं, कुठल्या शेळीला कधी पिल्लं झाली ते विचारलं आणि पोरीला म्हणाली, "चल, तुझं पण बघू." थोड्या वेळानं पोरगी बाहेर आली, आई खूश होऊन शेळ्या हाकत गेली.

परतताना मंगलनं सांगितलं की ती पोर शाळेत दिवसभर पाणी पीत नव्हती. का, तर पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, आणि मोठी पोरं संडासाला बाहेरून कडी लावायची. हे तिनं घरी सांगितलेलं नव्हतं, वर्गाच्या बाईंना सांगितलेलं नव्हतं. आमच्या चाळणीतूनही ती खाली निघून गेलेली. मंगलला मात्र तिनं एका बैठकीत सांगितलं.

"कडीचं आपण मुख्याध्यापकांशी बोललं पाहिजे गं," मंगल म्हणाली, अगदी साधेपणानं. मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

मंगल काय करते ते मी नीट अभ्यासलं होतं. तिच्या पर्समध्ये गोळ्या-बिस्किटं नसायची. गोष्टी सांगायची नाही, गाणी म्हणायची नाही. ती जमिनीवर मांडी घालून बसायची आणि गप्प राहायची, एवढंच. एकदा मीही तसंच करायचं ठरवलं. वर्गाबाहेर फरशीवर मांडी घातली. मुख्याध्यापकांनी पाहिलं आणि धावत खुर्ची आणवली. ती खुर्ची आणणाऱ्या पोरांनी माझ्याभोवती उभं राहून मला वर बसवलं.

हे सगळं मी सांगते आहे ते धारूरच्या बाजूला भेटलेल्या कावेरीपर्यंत येण्यासाठी.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. नवराबायको कोयता घेऊन कारखान्यांच्या मुलुखात ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. बरोबर गेलेली पोरं शाळेला मुकतात. म्हणून काही शाळांमध्ये हंगामापुरतं वसतिगृह चालवतात. आईबाप फडावर, पोरं शाळेतच राहायला आणि जेवायला. घाटाच्या कडेला असलेल्या अशाच एका शाळेतून ढाकणे सरांचा फोन आला. ते तिथले मुख्याध्यापक आणि वसतिगृहही तेच सांभाळायचे.

"एका पोरीनं दुसरीची वेणी कापली," ते म्हणाले. "तुमी या. न्हाईतर मी माझ्या परीनं निकाल लावतो."

आम्ही दोघी गेलो. ऑफिसात एक म्हातारी पदरात काहीतरी धरून बसली होती. आम्हाला बघताच तिनं पदर उघडला. आत रिबिनीसकट एक बारीक वेणी.

"हे बगा," ती म्हणाली. "माझ्या नंदिनीचे केस. दुसरीत हाय लेकरू. दिवसाढवळ्या कापले, समद्यांच्या देखत. हितं लेकरं कुणाच्या भरवशावर ठेवायची?"

कापणारी कावेरी सहावीत होती. कार्यानुभवाच्या तासाची कात्री तिनं वापरली होती. त्याआधीही तक्रारी होत्याच. लहान पोरींना चावते, चिमटे काढते, त्यांच्या चपला गायब करते, एकीचा वाळत घातलेला फ्रॉक फाडला. ढाकणे सर वाईट माणूस नव्हते. शिक्षक कमी, पोरी पुष्कळ, रात्रंदिवस जबाबदारी.

"मी मुकादमाला निरोप दिलाय," ते म्हणाले. मुकादम म्हणजे तोडणीची टोळी नेणारा; तिचे सगळे निरोप त्याच्याच मोबाइलवर जायचे. "हिचे आईबाप जिथं हायत तिथं हिला पोचवतो. मला दुसऱ्यांची लेकरं बी सांभाळायची हायत."

याचा अर्थ आम्हाला दोघींनाही कळत होता. त्या वयाची पोर एकदा फडावर गेली की भाकरी थापते, मोळ्या बांधते आणि पुढच्या वर्षी शाळेत येत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न लागलेलं असतं. आम्ही थोडे दिवस मागून घेतले. सर नाइलाजानं थांबायला तयार झाले.

आधी कावेरीशी मी बोलायला बसले. सरांनी भरलेल्या प्रश्नावलीत प्रत्येक वाईट वाक्यासमोर 'अगदी खरं' आणि 'लहानांशी मायेनं वागते' यासमोर 'खरं नाही'. बेरीज करायचीही गरज नव्हती. पोरगी किडकिडीत, केसांना तेल नाही, नजर टेबलाच्या कडेवर.

"झोप लागते का गं?"

"हा."

"जेवण जातं?"

"हा."

"नंदिनीची वेणी का कापलीस?"

मी वेगवेगळ्या वाटांनी तिथंच येत राहिले आणि ती टेबलाची कडा नखानं खरवडत राहिली. शेवटी मंगल तिला पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होते. थोड्याच वेळात कावेरीचं डोकं मंगलच्या मांडीवर होतं आणि तिचे खांदे हलत होते. मी तिच्यासमोर तासभर बसले होते.

मंगल परत आली. "तिला आईकडं जायचंय गं. फार आठवण येते. सर हाकलून देतील म्हणून मुद्दाम करते हे सगळं."

सरांनी कपाळाला हात लावला. म्हणजे ते तिला नेमकं हवं तेच द्यायला निघाले होते. मंगलनं उपाय सुचवला, की रोज संध्याकाळी मुकादमाच्या मोबाइलवर आईशी तिचं बोलणं करून द्यायचं. आवाज ऐकला की जीव शांत होईल. सर म्हणाले, "ताईंनी बरोबर ओळखलं." मलाही उपाय पटला. पटला म्हणून तर तो ऐकवेना.

पुढच्याच आठवड्यात सरांचा पुन्हा फोन. रोज बोलणं होतंय आणि पोरगी जास्तच बिथरली आहे. काल एकीच्या दंडाला चावली, रक्त निघालं. मंगल भाच्याच्या लग्नाला गेली होती. मी एकटीच निघाले. जाताना जीपमध्ये मी डावीकडे बसले होते आणि मला बरं वाटत होतं, हे कशाला लपवू?

फोनच्या वेळेलाच पोचले. ऑफिसाच्या पायरीवर कावेरी सरांचा मोबाइल कानाला लावून बसलेली. जुना मोबाइल, आवाज एवढा मोठा की चार पावलांवर मला ऐकू येत होतं. आई विचारत होती, जेवलीस का, अभ्यास करती का, थंडी वाजती का. कावेरी हा, हा म्हणत होती. तेवढ्यात आईच्या मागून एका लहान पोरीचा आवाज आला, "माय, हिकडं बग की." आणि आई हसली. "थांब गं दुर्गे, थांब माझी बाय," असं म्हणाली आणि पुन्हा फोनवर आली. "हा, काय म्हणत होतीस?"

कावेरी काहीच म्हणत नव्हती. मी तिचा चेहरा बघितला आणि मला तो लगेच ओळखू आला. आठवण येणाऱ्या पोराचा चेहरा तसा नसतो. तो चेहरा जीपच्या आरशात मी कितीतरी वर्षं बघत आले होते. मंगलला तो ओळखू आला नसता, कारण तिला तसा चेहरा करायची वेळच कधी आली नव्हती.

फोन झाल्यावर ती उठली आणि व्हरांड्यातून चालायला लागली. तिथं नंदिनीची मोठी बहीण नंदिनीच्या राहिलेल्या केसांना रिबीन बांधून देत होती. कावेरी थबकली, बघत राहिली, मग पुढे गेली. मी सरांना विचारलं, "हिनं ज्यांना ज्यांना त्रास दिला, त्यांच्या मोठ्या बहिणी इथंच आहेत का हो?"

सरांनी आठवून आठवून नावं घेतली. "हा. सगळ्यांच्याच हायत. हे माझ्या ध्यानात आलं न्हाई."

एकट्या राहणाऱ्या पोरींच्या वाटेला ती गेलीच नव्हती. ज्यांचे लाड करायला कुणी होतं, त्यांनाच चावत होती.

मैदानाच्या टोकाला दगडी बांध होता. कावेरी तिथं बसली होती, मीही जाऊन बसले. सर आत होते, त्यामुळे खुर्ची आली नाही.

"दुर्गा केवढी आहे गं?"

तिनं बांधाच्या फटीतलं गवत उपटलं. मग म्हणाली, "तिसरीत. आता शाळेतच न्हाई ती. फडावर नेलंय तिला."

"ती आईजवळ झोपते?"

आता तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "माझ्या जागी झोपती."

"तुला तिचा राग येतो?"

"न्हाई."

पोरं इथंच अडतात. बहिणीचा हेवा वाटतो हे सांगता येत नाही, कारण तसं वाटणं वाईट असतं असं त्यांना सगळ्यांनी सांगितलेलं असतं. आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की आपलं स्वतःचं पोरांना सांगायचं नाही. पण त्या वेळी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मला येतो," मी म्हटलं. "मंगलताईचा."

कावेरी पूर्ण वळली. "कावून? त्या तर लई चांगल्या हायत."

"म्हणूनच."

तिनं यावर विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "मला बी त्याच आवडत्यात."

"माहीत आहे मला."

"मग तुमी काय करता?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, बहिणीनं नाही. मी म्हटलं, "काही नाही करत. तिच्या शेजारी बसून काम करते. कधी कधी दिवसभर तिच्याशी बोलत नाही. पण तिला ते कळतच नाही. मग मलाच कंटाळा येतो."

कावेरी हसली. दात मोठे होते तिचे, हसली की वेगळीच दिसायची. "दुर्गाला बी कळत न्हाई," ती म्हणाली. आणि मग सगळं बाहेर आलं. धाकटा भाऊ तान्हा, तो तर जाणारच होता. दोघी बहिणींतली एक मागं ठेवायची होती. आई म्हणाली, तू हुशार हायस, तू शीक. "ते खोटं हाय, मॅडम. दुर्गा लाडकी हाय म्हणून तिला नेलं. मी न्हाई लाडकी म्हणून मी हितं. माय फोनवर बोलती माझ्यासंगं, पण बघती तिच्याकडं."

रोजच्या फोननं आम्ही तिला आईचा आवाज द्यायला गेलो होतो. तिला रोज दुर्गाचाच आवाज ऐकू येत होता.

मी तिला विचारलं, "दुर्गाशी बोललीस का कधी?"

"ती मोप बोलती, मला ऐकू येतं."

"तसं नाही. दोघीच. आईला बाजूला ठेवून."

तिनं नाही म्हणून मान हलवली. मी सरांकडून फोन घेतला. मुकादम कुरकुरला, आत्ताच तर बोलणं झालं म्हणाला. मी म्हटलं, सरकारी काम आहे. ही एक फार उपयोगी ओळ आहे, नोकरी सुटल्यापासून तिची उणीव जाणवते.

दुर्गा फोनवर आली. मी कावेरीच्या शेजारीच होते, मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"आक्के," दुर्गा म्हणाली, "शाळेत खिचडी देत्यात का अजून?"

"देत्यात."

"माझं दप्तर हाय का तिथं?"

"घरी हाय. कुलपात."

"कुणी घेनार न्हाई ना?"

"न्हाई."

"मला बी यायचंय आक्के. माय म्हणती, तू गेल्यावर बाळाला कोन धरील. मी दिसभर त्यालाच धरून बसते. उसाच्या वाढ्याच्या पेंढीवर झोपवते आन् कुत्री हाकते. कालची जागा आज नसती, खोपीतून समदे फडात जात्यात आन् मी एकलीच. तुझं लई बरं हाय. तुला शाळा हाय, मैत्रिणी हायत."

कावेरीच्या हातातला फोन खाली आला. दुर्गा पलीकडे 'आक्के, आक्के' करत होती.

"मॅडम," तिनं मला हळूच विचारलं, "ती माझ्यावर जळती?"

"वाटतं तसं."

"लई?"

"लई."

तिनं ओठ घट्ट मिटले, पण हसू काही दाबता येईना. आपला कुणी हेवा करतं हे कळल्यावर माणसाला काय होतं ते मी त्या दिवशी जवळून बघितलं. अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात, तसं. पण ते हसू फार टिकलं नाही. तिनं फोन परत कानाला लावला आणि विचारलं, "कुत्री चावत न्हाईत ना तुला?"

त्या दिवसापासून संध्याकाळचा फोन कावेरीनं ताब्यात घेतला. आईशी बोलायची, पण एकच बोलायची: दुर्गाला हितं धाडा. बापाशी भांडली, मुकादमाशीही भांडली. ढाकणे सरांनी एक जागा आहे म्हणून कळवलं. आईनं आधी बाळाचं कारण सांगितलं, मग शेजारच्या खोपीतली एक म्हातारी बाळाला धरायला तयार झाली आणि एका सकाळी दुर्गाला घेऊन ती स्वतःच गाडीतून उतरली. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, पोरीसारखीच किडकिडीत बाई. तिला त्याच दिवशी परतायचं होतं, म्हणून मीही सकाळीच पोचले होते.

मी तिला विचारलं, कावेरीसमोरच विचारलं, "दोघींतून हिलाच मागं का ठेवलंत?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "ही राहील म्हणलं. धाकटी राहिली नसती, रडून रडून मेली असती. जी रडत न्हाई तिलाच मागं ठेवावं लागतं मॅडम. काय करावं?"

आईला वाटलं होतं, हिला काही होत नाही. मास्तर लोकांच्या भाषेत, हिचा काही त्रास नव्हता. कावेरीनं ते ऐकलं आणि आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. आई निघाली तेव्हा ती रडली. मोठ्यानं, सगळ्या शाळेसमोर. आईनं तिला पोटाशी धरून ठेवलं, गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. दुर्गा बाजूला उभी राहून बघत होती आणि आता तिचं तोंड वाकडं झालं होतं.

सगळं गोड झालं असं समजू नका. दुर्गा गोरी, बोलकी, नकला करणारी. दोन दिवसांत सगळ्या वसतिगृहाची लाडकी झाली आणि कावेरीनं तिला चिमटे काढायला सुरुवात केली. पण दुसऱ्यांच्या पोरींना हात लावायचं बंद झालं. नंदिनीच्या आजीनं मात्र तिला कधी माफ केलं नाही. ती फाटकातून आली की कावेरी टाकीमागं लपायची. सरांनी तिला फडावर पाठवायचा विषय परत काढला नाही आणि उन्हाळ्यात ती सहावी पास झाली.

मंगल लग्नाहून आली तेव्हाच मी तिला बांधावरचं आणि फोनचं सगळं सांगितलं होतं. कावेरीपाशी तिच्याबद्दल काय बोलले, ते सोडून. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "शैला, मला हे जन्मात सुचलं नसतं." इतक्या मनापासून म्हणाली की मला पुन्हा तिचा राग आला. हा अंक तिच्याकडे जाईल, तेव्हा राहिलेलंही तिला कळेल.

परवा, म्हणजे याच पावसाळ्यात, कावेरी माझ्याकडे आली होती. लातूरला नर्सिंग करून ती आता एका दवाखान्यात आहे. दुर्गाचं अजून शिक्षण चालू आहे आणि ती अजूनही घरात सगळ्यांची लाडकी आहे, असं कावेरीनंच सांगितलं, कपाळाला एक आठी घालून. मी पोहे केले, ठेवणीतले कप काढले. इतक्या शाळा, इतकी पोरं, त्यातलं एक लेकरू आपणहून माझं घर शोधत आलं होतं.

पोहे खाता खाता ती म्हणाली, "मॅडम, मंगलताईंचा नंबर हाय का?"

मी दिला. तिनं तिथंच फोन लावला, आवाज मोठा ठेवून. "ताई, मी कावेरी बोलते."

"कोण कावेरी गं?" पलीकडून मंगल म्हणाली. तिच्यापाशी इतकी पोरं येऊन बोलून गेली, तिनं किती लक्षात ठेवायची. कावेरी माझ्याकडे बघत राहिली. मला गप्प बसून राहता आलं असतं. पण पोरीचा चेहरा बघवेना.

मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "अगं, धारूरकडची. नंदिनीची वेणी कापली होती ती. तुझ्या मांडीवर रडली होती बघ, टाकीपाशी."

"अगं बाई, ती कावेरी?" मंगल म्हणाली आणि मग दोघी सुरू झाल्या. कावेरी फोन घेऊन खिडकीत जाऊन बसली. दवाखान्यातलं, दुर्गाचं, घरात तिच्यासाठी बघताहेत त्या स्थळाचं, जे तिनं मला सांगितलं नव्हतं ते सगळं ती मंगलला सांगायला लागली. मी कप उचलले, विसळले, परत चहा ठेवला. चहा झाला तरी बोलणं संपेना. शेवटी मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं सांगितलं, "मंगल, ठेव आता, पोरीची गाडी चुकेल."

गाडी वगैरे काही नव्हती. कावेरी माझ्याकडे दोन दिवस राहायला आली होती.